जाळी पडेपर्यंत

पॅनकेकची कृती कुणी विचारली की मी प्रमाण सांगते, आणि सांगता सांगताच वाटत राहतं की मुद्द्याचं काही बोललोच नाही. प्रमाण सगळ्यांकडे असतं. मैदा १५० ग्रॅम, बेकिंग पावडर दोन सपाट छोटे चमचे, साखर एक मोठा चमचा, मीठ पाव चमचा, एक अंडं, २०० मिलिलिटर दूध आणि वितळवलेलं लोणी ३० ग्रॅम. थोडं इकडेतिकडे धरलं तर बहुतेक कृती याच वळणाच्या असतात. तरीही याच मापाने एकाच्या तव्यावर लुसलुशीत, हलका पॅनकेक उतरतो आणि दुसऱ्याच्या तव्यावर कडेला करपलेला, मध्ये ओलसर आणि खाताना वातड. मापं तीच, मग बिघडलं कुठे? माझं उत्तर ठरलेलं आहे: वेळेत. ढवळणं कधी थांबवलं, पीठ तव्यावर कधी घातलं आणि ते कधी उलटलं, या तीन वेळा ज्याला सापडल्या त्याचा पॅनकेक कागदावरच्या कृतीशिवायही चांगलाच होतो.

असं का, ते समजायला पॅनकेक म्हणजे नेमकं काय हे एकदा नीट पाहायला हवं. जाड, फुगलेला पॅनकेक म्हणजे शिजून घट्ट झालेला फेस. सरबरीत पिठात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे तयार होतात, उष्णता लागली की ते मोठे होत जातात आणि त्याच सुमाराला त्यांच्याभोवतीच्या पिठाच्या भिंती शिजायला लागतात. गव्हातला स्टार्च साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगतो. अंड्याचा पांढरा भाग साठीच्या थोडं पुढे आळायला लागतो आणि ऐंशीच्या सुमाराला पक्का होतो. भिंती बुडबुड्यांच्या आधी घट्ट झाल्या तर फुगायला जागाच उरत नाही. बुडबुडे आधीच फुटून गेले तर भिंतींना धरून ठेवायला आत काही नसतं. दोन्ही वेळा हाती येतो तो बसका पॅनकेक. दोन्हींची वेळ जुळली पाहिजे, आणि ती जुळायला तव्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात.

या पदार्थावर माझा जीव आहे तो याच कारणाने. केक ओव्हनमध्ये गेला की दार बंद. आत काय चाललंय ते अंदाजाने ओळखायचं. पॅनकेक उघड्यावर घडतो. पिठाचा फुगा होतो, फुटतो, कड सुकते, रंग चढतो, आणि हे सगळं आपण वाकून बघू शकतो. स्वयंपाकातली इतकी मोठी रसायनं इतक्या कमी वेळात आणि इतक्या जवळून दाखवणारे पदार्थ फार नाहीत.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते ढवळताना. मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन अशी दोन प्रथिनं असतात. त्यांना पाणी मिळालं आणि वर हात फिरत राहिला की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनची लवचीक वीण तयार होते. पावाला ही वीण हवीच असते, म्हणून पावाच्या पिठात प्रथिनं १२ ते १४ टक्के असतात आणि ते मळायचंही भरपूर. पॅनकेकला ती नको. तयार झालीच तर पीठ तव्यावर पसरायला कुरकुर करतं, बुडबुड्यांना फुगू देत नाही आणि खाताना दातांखाली ओढ लागते. साध्या मैद्यात प्रथिनं १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असतात, केकसाठी मिळणाऱ्या पिठात ७ ते ९. केकचं पीठ हाताशी असेल तर उत्तम, पण त्यासाठी अडून बसायची गरज नाही. साध्या मैद्यानेही काम होतं, हात आवरला तर.

हात आवरायचा म्हणजे गुठळ्या राहू द्यायच्या. हे सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हमखास शंका उमटते, कारण स्वयंपाकाची सवय असलेल्या हाताला गुठळी दिसली की ती मोडल्याशिवाय चैन पडत नाही. इथे मात्र ती मोडायची नाही. कोरडं पीठ एका भांड्यात, दूध-अंडं-लोणी दुसऱ्या भांड्यात. पिठात मध्ये खळगा करायचा, त्यात ओलं मिश्रण एकदम ओतायचं आणि रुंद चमच्याने तळापासून वर असं हलक्या हाताने उचलत मिसळायचं. कोरडं पीठ दिसेनासं झालं की चमचा बाहेर. वाटाण्याएवढ्या गुठळ्या दिसत असतील, मिश्रण दिसायला अर्धवट वाटत असेल, तरी तिथेच थांबायचं. थोडा वेळ ठेवल्यावर त्या गुठळ्यांत ओल आपोआप मुरते आणि तव्यावर उरलेल्याही शिजून जातात. मिश्रण गुळगुळीत, चकचकीत दिसायला लागलं तर समजावं की पॅनकेक वातड होणार.

एका प्रकारची गुठळी मात्र अजिबात चालत नाही, ती सोड्याची किंवा बेकिंग पावडरची. घासात आली की तोंड कडवट होतं आणि सगळी चव जाते. म्हणून ढवळण्याची सगळी हौस कोरड्या पिठावर भागवून घ्यावी. मैदा, बेकिंग पावडर, साखर, मीठ एकत्र चाळावं किंवा व्हिस्कने चांगलं फिरवावं. पाणी लागण्याआधी कितीही हलवलं तरी ग्लुटेन तयार होत नाही. आणखी एक बारकी गोष्ट: दूध आणि अंडं फ्रिजमधून काढून लगेच वापरलं तर वितळलेलं लोणी त्यात पडताच थिजतं आणि त्याचे कण होतात. दूध नुसतं कोमट केलं की हा त्रास राहत नाही.

मैदा वजनाने घ्या, एवढाच माझा मापांबद्दलचा आग्रह. चमच्याने हलका हलका भरलेला एक कप मैदा साधारण १२० ग्रॅम भरतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे कृती तीच, कपही तोच, आणि पिठात चौथाईचा फरक. मग कुणाचं मिश्रण दगडासारखं दाट होतं आणि कुणाचं कडेपर्यंत वाहत जातं यात नवल नाही. स्वयंपाकघरातला छोटा काटा नसेल तर मिश्रणाकडे बघून ठरवावं. पळीतून ते जाड पट्टीसारखं संथ उतरलं पाहिजे आणि तव्यावर पडल्यावर स्वतःहून थोडं पसरून थांबलं पाहिजे. पसरायला पळीची पाठ फिरवावी लागली तर दाट आहे, चमचाभर दूध घालावं.

आता बुडबुड्यांकडे. हा फेस येतो कुठून, याची गोष्ट मला फार आवडते. यीस्टने पीठ फुगवायचं तर तासन्‌तास थांबावं लागे, आणि नाही तर अंडी हात दुखेपर्यंत फेसावी लागत. १८४३ मध्ये बर्मिंगहॅममधल्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने यीस्टशिवाय पाव फुगवणारी पावडर तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. सोडा, टार्टारिक आम्ल आणि दोघांना कोरडं ठेवायला स्टार्च, असा तो मेळ. पुढे अमेरिकेत हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या एबेन हॉर्सफर्ड या रसायनशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये कॅल्शियम फॉस्फेटपासून बनवलेल्या आम्लाचं पेटंट घेतलं. त्याच जातीचं आम्ल आजही बेकिंग पावडरच्या डब्यांत असतं. आपल्या माणसाला घास गोड लागावा म्हणून कुणीतरी केलेल्या खटपटीतून न्याहारीला फुगलेला पॅनकेक शक्य झाला, हे लक्षात आलं की त्या पांढऱ्या पावडरीकडे मी जरा मायेनेच बघते.

तिचं काम समजून घेतलं की वेळेचं गणित सुटतं. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आम्ल मिळालं आणि ओल मिळाली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आम्ल दोन्ही आधीच असतात. अनेक डब्यांवर ‘डबल अ‍ॅक्टिंग’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे त्यात दोन प्रकारची आम्लं असतात. एक ओल लागताच कामाला लागतं आणि दुसरं तव्याची धग लागेपर्यंत वाट बघतं. पहिला वायू मिश्रणातच बारीक बुडबुडे पेरून ठेवतो, दुसरा तव्यावर येऊन त्यांनाच फुगवतो. म्हणूनच असं मिश्रण थोडा वेळ थांबू शकतं. नुसत्या सोड्याचं तसं नाही. आंबट ताकात सोडा पडला की लगेच फसफसतो, आणि अर्ध्या तासाने तव्याकडे वळलं तर बरंचसं बळ हवेत निघून गेलेलं असतं.

ताकाचे पॅनकेक मला दुधाच्यापेक्षा जास्त आवडतात. दाटसर आंबट ताक असेल तर साधारण २४० मिलिलिटरला अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो. त्याहून जास्त घातला तर उरलेल्या सोड्याला आम्लच मिळत नाही. तो तव्याच्या उष्णतेने सोडियम कार्बोनेट होतो आणि साबणासारखी चव येते. इथे एक खुबी आहे. सोडा सगळा आंबटपणा खाऊन टाकतो, म्हणजे ज्या चवीसाठी ताक घेतलं तीच जाते. म्हणून मी सोडा थोडा हात राखून घालते आणि फुगण्याची बाकीची जबाबदारी बेकिंग पावडरवर सोपवते. आंबटपणा किंचित मागे राहतो. पण सोडा अगदीच टाळायचा नाही, कारण रंग त्याच्यामुळे येतो. खरपूस तांबूस रंग आणि तो भाजका वास म्हणजे प्रथिनं आणि साखर यांच्यातली प्रक्रिया. लुई-कामी मायार या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. मिश्रण आम्लधर्मी असेल तर ती मंदावते, सोड्याने ते अल्कधर्मी बाजूला झुकलं की वेगाने होते. ताकाचा पॅनकेक फिकट राहत असेल तर आच वाढवण्याआधी सोड्याचा विचार करावा.

पावडर जुनी झाली असेल तर हे सगळं ज्ञान फुकट. तपासायला मिनिटभरही लागत नाही: अर्ध्या वाटी गरम पाण्यात छोटा चमचाभर पावडर टाकायची. जोरात फसफसली तर ठीक, नुसती तळाला बसली तर डबा टाकून द्यायचा. सोडा असेल तर पाण्याऐवजी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस.

मिश्रण झाल्यावर ते पाच ते दहा मिनिटं तसंच ठेवायचं. या वेळात स्टार्च पाणी शोषून घेतो, गुठळ्या मऊ होतात आणि ढवळताना थोडंफार तयार झालेलं ग्लुटेन सैलावतं. गव्हाच्या पिठाचे करायचे असतील तर कोंड्याला भिजायला जास्त वेळ लागतो, म्हणून मी दूध थोडं जास्त घालते आणि वीसेक मिनिटं थांबते. पातळ, न फुगणारे क्रेप करायचे असतील तर मिश्रण तासभरही ठेवता येतं, कारण तिथे सांभाळायला वायूच नसतो. थांबून झाल्यावर मिश्रण पुन्हा ढवळायचं नाही. वरवर दिसणारे बुडबुडे जसेच्या तसे पळीत आले पाहिजेत. पळी कडेने घालून हळूच उचलावी.

याच पाच-दहा मिनिटांत तवा तापवायला ठेवावा. माझ्या मते पॅनकेकचा खरा कस इथे लागतो. उत्तम मिश्रण चुकीच्या तव्यावर वाया जातं, आणि साधंसुधं मिश्रण योग्य तव्यावर तरून जातं. हवा तो पृष्ठभाग साधारण १७५ ते १९० अंशांचा. मोठ्या आचेवर झटपट तापवलेला तवा मध्ये भडकलेला आणि कडेला कोमट असतो. बिडाच्या तव्याबाबत हे फार जाणवतं. बीड उष्णता धरून ठेवतं खरं, पण ती पसरवण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पुष्कळ मागे आहे. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या चौपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून बिडाचा तवा मध्यमहून थोड्या मंद आचेवर, चांगली आठ-दहा मिनिटं, निवांत तापू द्यावा. नॉनस्टिक असेल तर रिकामा फार वेळ तापवू नये, २६० अंशांच्या पुढे तो लेप खराब व्हायला लागतो.

तवा तयार आहे का हे बघायला ओल्या बोटांनी दोन थेंब शिंपडावेत. थेंब नुसता बसून हळूहळू आटला तर अजून वेळ आहे. पडताच चर्र करून, तडतडत क्षणात उडून गेला तर पीठ घालायला हरकत नाही. आणि थेंब गोळी होऊन तव्यावर घरंगळत सुटला, तर तापमान आपल्याला हव्या त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला किंवा त्याच्याही पुढे गेलेलं असतं. १७५६ मध्ये योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने या पळत्या थेंबांचं सविस्तर वर्णन केलं होतं. थेंबाखाली वाफेचा थर तयार होतो आणि थेंब त्याच्यावर तरंगतो, त्यामुळे तो लवकर आटतही नाही. असे थेंब पळताना दिसले की मी आच कमी करते, अर्धा मिनिट थांबते आणि मगच पळी उचलते.

मग तूप-लोण्याचा प्रश्न. लोण्यात साधारण ८० टक्केच स्निग्धांश असतो, बाकी पाणी आणि दुधाचे घन कण. हे कण लवकर जळतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या पॅनकेकपर्यंत तव्यावर काळे ठिपके उमटतात. तव्याला लावायला म्हणून तूप किंवा वास नसलेलं तेल चांगलं, लोण्याची चव मिश्रणातून येतेच. पण काय लावलं यापेक्षा किती लावलं याला महत्त्व आहे. तव्यावर तेलाची ओल दिसत असेल तर पीठ पडताच ते जागोजागी साचतं. जिथे साचलं तिथे पीठ तळलं जातं, जिथे नाही तिथे भाजलं जातं, आणि पृष्ठभागावर ठिपक्यांची नक्षी उमटते. पहिला पॅनकेक बहुतेकांचा असाच होतो आणि तो तसाच व्हायचा असतो असं लोक धरून चालतात. खरं म्हणजे तो पहिला पॅनकेक जास्तीचं तेल पुसून नेतो, म्हणून दुसरा चांगला येतो. ते काम कागदाच्या बोळ्याने आधीच करून घ्यावं. तेल लावून पुसून काढायचं, तव्याला नुसती झाक राहिली पाहिजे. मग पहिलाही दुसऱ्यासारखा एकसारखा तांबूस उतरतो.

एका पॅनकेकला साधारण ६० मिलिलिटर मिश्रण पुरतं. पळी तव्याच्या जवळ धरून एकाच जागी ओतायचं, ते आपोआप गोल पसरतं. आणि आता हात मागे.

माझी भाची माझ्याकडे येते तेव्हा उलटण्याचं काम तिचं. उलथनं हातात घेऊन ती तव्याजवळ उभी राहते आणि पहिला बुडबुडा दिसताच विचारते, “मावशी, उलटू?”

“थांब. फुटू दे त्याला.”

“फुटला. आता?”

“भोक बघ. बुजलं का?”

ती वाकून बघते. पहिले बुडबुडे फुटतात तेव्हा भोवतालचं पीठ अजून ओलं असतं, ते वाहून येतं आणि भोक क्षणात मिटतं. “बुजलं,” ती म्हणते. थोड्या वेळाने कडेजवळचा एक बुडबुडा फुटतो, आणि त्याचं भोक मिटत नाही. तसंच उघडं राहतं, काठ रेखीव. मग त्याच्या शेजारचं, मग आणखी आतलं. कडेची ओली चमक जाऊन तिथे मंद, सुकी कांती येते आणि ती हळूहळू मध्याकडे सरकते. जाळी पडते. कड उलथन्याच्या टोकाने किंचित उचलली तर खाली तांबूस रंग दिसतो. “आता,” ती स्वतःच म्हणते, आणि ते बरोबर असतं. भोक उघडं राहिलं याचा अर्थ त्याच्या भिंती शिजल्या, फेस घट्ट झाला. घड्याळ लावून हे कळत नाही, कारण दर वेळी तवा, जाडी, आच थोडी वेगळी असते. मी तिला मिनिटं सांगतच नाही. तिला भोकं बघायला शिकवलं आणि आता ती माझ्याइतकीच बिनचूक उलटते, याचा मला मनापासून आनंद आहे.

अर्थात बुडबुडेही फसवू शकतात. तवा फार तापलेला असेल तर वर जाळी पडायच्या आत खाली करपतं, आणि मंद असेल तर जाळी पडते पण खाली रंग नसतो. म्हणून दोन्ही खुणा एकत्र बघायच्या, वरची भोकं आणि खालचा रंग. वर भोकं आणि खाली सोनेरी तांबूस असं एकाच वेळी दिसलं तर आच बरोबर. नाही तर पुढच्या पॅनकेकसाठी आच थोडी बदलायची. चांगलं करणारे लोक पहिल्यापासून शेवटपर्यंत आच एकाच जागी ठेवत नाहीत, त्यांचा हात सारखा त्या बटणाकडे जात असतो.

उलटताना उलथनं पूर्ण खाली सरकवायचं आणि मनगटाने एका झटक्यात पलटायचं, उंच उडवायचं नाही. उंचावरून आदळला तर आतला फेस दबतो. पलटल्यावर उलथन्याने दाबायचं तर मुळीच नाही. इतका वेळ सांभाळलेला वायू त्या एका दाबात फुस्सकन निघून जातो, तो परत येत नाही. दुसरी बाजू पहिल्याच्या साधारण अर्ध्या वेळात होते. ती पहिल्यासारखी एकसारख्या रंगाची कधीच होत नाही, तशी अपेक्षाही करू नये. पहिली बाजू पातळ असताना तव्याला सपाट चिकटलेली असते. दुसरी उलटेपर्यंत फुगून उंचसखल झालेली असते, तिचे उंचवटेच तव्याला टेकतात, म्हणून ती ठिपक्याठिपक्यांची दिसते. वाढताना पहिली बाजू वर. पुन्हा पुन्हा पलटत बसलं तर फक्त कोरडेपणा वाढतो.

पृष्ठभागावरच्या या नक्षीकडे गंभीरपणे बघणारी मी एकटी नाही. २०१६ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी पॅनकेकच्या १४ प्रकारांची तुलना केली होती. जाडी आणि पिठातल्या पाण्याचं प्रमाण बदललं की वाफ बाहेर पडण्याची वाट बदलते आणि तिच्यामुळे पृष्ठभागाचा पोत बदलतो, असं त्यांनी मांडलं. त्यातले काहीजण काचबिंदूच्या शस्त्रक्रियेवर काम करत होते, आणि लवचीक पातळ थरांतून द्रव आणि वाफ कशी वाट काढते हे त्यांना समजून घ्यायचं होतं. तव्यावर वाकून बघण्यातून डोळ्याच्या आजारापर्यंत कुणी जाऊ शकतं, हे वाचून मला भारी वाटलं. बघण्यासारखं तिथे काहीतरी आहे, हे निदान सिद्ध झालं.

आत आणि बाहेर इतका फरक का असतो, हेही इथेच कळतं. तवा १९० अंशांवर असला तरी पॅनकेकचा आतला भाग १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही, कारण तिथे पाणी आहे. आतलं पीठ वाफेवर शिजतं, बाहेरचं पाणी उडून गेल्यावर भाजतं. म्हणून आत मऊ ओलसर आणि बाहेर खरपूस. हा फरक जितका ठळक, तितका पॅनकेक चांगला. आच मंद ठेवून सावकाश केला तर बाहेरूनही तो फिकट, वाळका होतो. ‘सावकाश केलं की छान होतं’ हे इथे खरं नाही.

कुणाला आणखी उंच, ढगासारखे हवे असतील तर अंड्यातला पांढरा भाग वेगळा काढून, थोडी साखर घालून फेसायचा आणि शेवटी दोन-तीन भागांत हळुवार मिसळायचा. मग मंद आचेवर, झाकण ठेवून. तो वेगळाच पदार्थ होतो. खाताना मजा येते, पण मला त्यात खरपूसपणाची उणीव भासते. अंडं नको असेल तर आंबट ताक आणि सोड्यावर भिस्त ठेवावी, आणि भिजवलेली जवसाची पूड किंवा कुस्करलेलं पिकलेलं केळं बांधून धरायला घालावं. केळ्याच्या साखरेने रंग झपाट्याने चढतो, तेव्हा आच जरा कमी. फळांचे तुकडे घालायचे तर मिश्रणात न कालवता तव्यावर पीठ ओतल्यावर वरून पेरावेत. सगळीकडे सारखे येतात आणि मिश्रण त्यांच्या रसाने पातळ होत नाही.

पॅनकेक उतरला की लगेच खायचा असतो. सगळ्यांनी एकत्र बसायचं असेल तर ओव्हन ९० अंशांवर ठेवून तयार पॅनकेक जाळीच्या रॅकवर, एकमेकांना न टेकता मांडावेत. फोटोत छान दिसते ती चवड वाढायच्या क्षणाला रचावी, आधी नाही; एकावर एक ठेवले की खालच्यांची वाफ वरच्यांना ओलं करते आणि बाहेरचा खरपूस थर पाच मिनिटांत नरम पडतो. वरून काय घालायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मेपल सिरप मिळालं तर काटकसरीने वापरते, एक लिटर सिरपसाठी झाडाचा सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो हे कळल्यापासून धार ओतताना हात आपोआप आखडतो.

उरलेच तर फ्रिजमध्ये ठेवू नका. शिजलेला स्टार्च गार झाला की पुन्हा कडक व्हायला लागतो, आणि फ्रिजच्या तापमानाला हे सर्वांत वेगाने होतं. पूर्ण निवल्यावर मध्ये बटरपेपर घालून थेट फ्रीजरमध्ये टाकावेत, महिनाभर चांगले राहतात. तिथून काढून सरळ टोस्टरमध्ये. मायक्रोवेव्हमध्येही गरम होतात, मऊही होतात, पण कडा लोळागोळा होतात, आणि कडेचा तो पहिला कुरकुरीत घास गेला तर माझ्या लेखी अर्धा पॅनकेक गेला.